दिवेलागणीनंतर बाहेर: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या संध्याकाळीचा इतिहास

आजचा थ्रेड लांब आहे. ठाण्याला वाचायला घेतलात तर बदलापूर येईपर्यंत संपेल, आणि लोकल रखडली तर त्याआधीच. विषय किल्ल्यांचा नाही, लढायांचा नाही, तहांचाही नाही. संध्याकाळी घरातून विनाकारण बाहेर पडणे, बाजारातून एक फेरी मारणे, काहीतरी चटकदार खाणे, ओळखीचे कोणी भेटले तर चौकात उभे राहून बोलणे आणि परत येणे, एवढाच विषय आहे. माझ्या मते याला इतिहास आहे, आणि तो कल्याणच्या पुढच्या तीन स्टेशनांत जितका ठळक दिसतो तितका मुंबईतही दिसत नाही.

निमित्त असे झाले. काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राच्या चहाच्या सुट्टीत मी अंबरनाथची असल्याचे सांगताच एक ज्येष्ठ अभ्यासक हसून म्हणाले, ‘कल्याणपुढे इतिहास नाही, लोकसंख्या आहे.’ उपस्थित हसले, मीही हसले. लोकसंख्या आहे हे तर खरेच. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर ५,०६,०९८, अंबरनाथ २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूर १,७४,२२६. परंतु परतीच्या लोकलमध्ये ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईला झोपण्यापुरती लागणारी गावे अशीच आमची ओळख असेल, तर रात्री नऊ वाजता उल्हासनगरच्या बाजारात पाय ठेवायला जागा का नसते? झोपायला आलेली माणसे जागी का असतात?

घरी येऊन आजीला विचारले, ‘आजी, तू लग्न होऊन इथं आलीस तेव्हा संध्याकाळी कुठं जायचीस गं?’ आजी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून १९६४ साली अंबरनाथला आली. आजोबा कारखान्यात कामाला होते. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काहीतरी अप्रस्तुत विचारले. ‘कुठं म्हणजे? दिवेलागणीनंतर बाई कुठं जाते का? शिवरात्रीला जायचो देवळात. तेवढंच.’

माझा शोध या ‘तेवढंच’पासून सुरू झाला.

आजीची शिवरात्र म्हणजे अंबरनाथच्या शिवमंदिराची जत्रा. हे मंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाच्या काळात काम सुरू झाले आणि मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शिलालेख उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर आहे. तो प्रथम वाचला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांनी शकाचा आकडा ७८२ असा लावला आणि मंदिर एका फटक्यात दोनशे वर्षांनी जुने झाले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो आकडा ९८२ असल्याचे दाखवून दिले. भाऊ दाजींसारख्या माणसाचाही एक आकडा चुकू शकतो, हे आठवले की प्रबंधाच्या तळटिपा तपासताना मला जरा धीर येतो.

स्थापत्याच्या अंगाने या मंदिरावर भरपूर लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालणार नाही. माझ्या विषयापुरते एवढेच महत्त्वाचे की शेकडो वर्षे या परिसरातल्या माणसाला रात्री घराबाहेर असण्याची मोकळीक होती ती देवाच्या निमित्ताने. जत्रा, कीर्तन, भजन, तमाशाचा फड, लग्नाची वरात. खेड्यातली रोजची संध्याकाळ दिवेलागणीला संपत असे. आठवड्याचा बाजार दिवसा भरे आणि उजेड असतानाच उठे, कारण माणसांना चालत गावी परतायचे असे. रात्रीची मौज होती, पण तिला तिथी लागत असे. आज कोणतीही तिथी नसताना, एखाद्या कोरड्या मंगळवारी, आपण ‘चल, जरा बाहेर जाऊन येऊ’ असे म्हणतो. ही तिथी गळून कधी पडली?

पहिले उत्तर अर्थातच रेल्वे. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई–ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ ला ती कल्याणला पोहोचली आणि १२ मे १८५६ ला कल्याणहून खोपोलीच्या दिशेने लोहमार्ग खुला झाला. हा मार्ग बोर घाटाच्या पायथ्याशी जाण्यासाठी होता. वाटेतली गावे कंपनीच्या लेखी गौण होती. याची खूण बदलापूरला अजून दिसते. जुने बदलापूर गाव नदीच्या अंगाला, आणि स्टेशन त्यापासून दूर कुळगावच्या बाजूला. स्टेशनाला नाव मिळाले बदलापूरचे, शहर वाढले कुळगावात, आणि नगरपरिषदेला शेवटी दोन्ही नावे जोडून घ्यावी लागली. (घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, ही कथा तुम्हाला ठाऊक असेलच. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांनी इथे घोडे बदलले, असेही सांगतात. कथा गोड आहे. मी तिला कथा म्हणूनच जपते, पुरावा म्हणून वापरत नाही.)

गावापासून तुटलेल्या स्टेशनाभोवती एक नवीच वस्तू जन्माला आली: स्टेशन रोड. गावातल्या रस्त्याला आळी असते, आळीला जात असते, आणि कोण कुठून चालतो हे ठरलेले असते. स्टेशन रोडला असा वारसा नव्हता. तिथे चहाचे दुकान आधी आले, मग न्हाव्याचे, मग सायकल भाड्याने देणाऱ्याचे. गाडीची वाट पाहणे हे तिथे थांबण्याचे अधिकृत कारण होते. कारण नसताना उभे राहण्याची सवय आपल्या समाजाला, मला वाटते, या गाडीची वाट पाहण्यातूनच लागली.

पण रस्ता नवा झाला म्हणून माणसे नवी होत नाहीत. इथे मला १९२७ च्या बदलापूरकडे जायचे आहे, आणि हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही याचे मला खरोखर आश्चर्य वाटते.

त्या वर्षी १९ आणि २० मार्चला महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. आणि ३ मे १९२७ रोजी बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराजांचा जन्म तेव्हा १६२७ चा मानला जाई, त्यामुळे ते त्रिशताब्दीचे वर्ष होते आणि गावोगावी उत्सव मोठ्या प्रमाणावर होत होते. शिवजयंती त्या काळी भाषण, कीर्तन आणि मिरवणूक अशी साजरी होई. उन्हाळ्याचे दिवस, वैशाखातला पहिला आठवडा.

आता याचा अर्थ नीट पाहा. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. कागदावर सगळे खुले होते. महाडला ते कागदावरून जमिनीवर आणायला गेलेल्या लोकांना मार खावा लागला. आणि त्यानंतर दीड महिन्याच्या आत, त्याच मुंबई इलाख्यातल्या रेल्वेकाठच्या एका लहान गावात, गावाचा सर्वांत मोठा सार्वजनिक उत्सव आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली होतो. बदलापूर म्हणजे समतेचे बेट होते असा निष्कर्ष मी काढणार नाही, एका उत्सवावरून तेवढे म्हणता येत नाही. मात्र ‘संध्याकाळी बाहेर पडणे’ हा हलकाफुलका विषय वाटणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की चौकात कोणी उभे राहायचे, कोणाच्या शेजारी बसून कीर्तन ऐकायचे, मिरवणुकीबरोबर कोणत्या रस्त्याने चालायचे, हे प्रश्न इथे शंभर वर्षांपूर्वी पूर्ण गांभीर्याने विचारले जात होते. बाजारातली फेरी ही ज्याला सहज मिळाली, त्यालाच ती सहज वाटते.

दुसरी गोष्ट काडेपेटीची. १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने आयात काडेपेट्यांवर ग्रोसला दीड रुपया जकात बसवली. ग्रोस म्हणजे बारा डझन. उद्देश महसुलाचा होता, परिणाम वेगळाच झाला. स्वीडनच्या काडेपेटी कंपनीला बाहेरून माल पाठवणे परवडेना, म्हणून तिने जकातीच्या भिंतीच्या आतच कारखाने उभारले. त्यातूनच वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, आणि तिचा अंबरनाथचा कारखाना. आमच्या पश्चिमेला विम्को नाका हे नाव अजून रोजच्या बोलण्यात आहे. रिक्षावाल्याला ‘विम्को नाका’ म्हणावे आणि त्याने मुकाट्याने मीटर न टाकता निघावे, असा रिवाज आहे. या नावामागे स्टॉकहोम आणि दिल्ली यांच्यातली एक जकातीची लढाई आहे, हे त्याला किंवा प्रवाशाला कशाला आठवावे?

ज्या गावात दिवा लावण्याची काडी तयार होत होती, तिथेच दिवेलागणीनंतरचा वेळ प्रथम मोजला जाऊ लागला, हा योगायोग मला फार आवडतो. शेतातल्या कामाला सुट्टी होण्याची वेळ नसते, अंधार झाला की काम थांबते. कारखान्याला भोंगा असतो. आणि भोंग्यामागे कायदा असतो. १९२२ च्या दुरुस्तीने कामगाराचा दिवस ११ तासांचा आणि आठवडा ६० तासांचा झाला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी १० आणि ५४. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने ९ आणि ४८. हे आकडे पाठ करण्यासाठी देत नाही. एका पिढीच्या आत आठवड्यातले बारा तास कामगाराच्या हातात परत आले, ते कुठे गेले असतील याचा विचार करा. काही झोपेत गेले, काही घरकामात, काही युनियनच्या सभेत. आणि काही नाक्यावर, हे उघड आहे. ‘नाका’ या शब्दाचा मूळ अर्थ जकात घेण्याची जागा. थांबवले जाण्याच्या जागेला आपण थांबण्याची जागा केली.

यात एक गोम आहे. त्याच १९४८ च्या कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत कारखान्यात काम देता येई. हेतू संरक्षणाचा होता आणि त्या काळच्या परिस्थितीत त्याची गरजही असेल. परंतु सातनंतर बाई कामावर नसावी, यातून सातनंतर बाई रस्त्यावर नसावी, हे किती सहज ऐकू येते पाहा. आजीने हे कलम आयुष्यात वाचलेले नाही. तिची मर्यादा कायद्याहून जुनी होती. कायद्याने फक्त तिला घड्याळ दिले.

आता मुख्य भागाकडे.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने प्रचंड मोठा तळ उभारला. वडोल, आशेळे, शहाड अशा गावांच्या आसपासच्या माळावर ओळीने बराकी बांधल्या गेल्या. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या. मग फाळणी झाली. सिंधमध्ये सुरुवातीचे काही महिने तुलनेने शांत गेले, पण ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतल्या दंगलीनंतर सिंधी हिंदू मोठ्या संख्येने निघाले. बोटींनी मुंबईत उतरलेल्यांपैकी पुष्कळांना कल्याण कॅम्पात पाठवण्यात आले. लाखाच्या घरात माणसे पाच कॅम्पांत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून नाव ठरले उल्हासनगर. पत्त्यात आजही ‘बी. के. नंबर’ लिहितात, ती बराकीचीच आठवण. सैनिक गेले, निर्वासित आले, त्यांची नातवंडे दुकानदार झाली, तरी पोस्टमन अजून बराकच शोधतो.

बराक म्हणजे लांबच लांब एक खोली. तिच्यात गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांची विभागणी झाली. पडद्याच्या एका बाजूला कोणाचे बाळंतपण, दुसऱ्या बाजूला कोणाचे दुखणे. ज्या घरात पाय पसरता येत नाहीत, त्या घरातली माणसे संध्याकाळी कुठे जाणार? बाहेर. उल्हासनगरची बाजारपेठ एवढी जागी का, याचे एक उत्तर या गोणपाटात आहे. घर लहान असले की रस्ता दिवाणखाना होतो. हे मुंबईच्या चाळींनाही लागू पडते, पण चाळीत निदान भिंती होत्या.

तरीही मला हे उत्तर अपुरे वाटते. गरिबीने माणूस घराबाहेर येईल, पण तो कुल्फी का खाईल? पापड का वाटेल? गाणे का म्हणेल? इथे आपण एक गोष्ट विसरतो. सिंधी हिंदू प्रामुख्याने शहरांतला समाज होता. हैदराबाद सिंधचा शाही बाजार, शिकारपूरचा छताने झाकलेला ढक बाजार, कराचीच्या क्लिफ्टनवरची समुद्रकाठची फरसबंदी, या जागा ज्यांच्या रोजच्या पायांखालच्या होत्या, ती माणसे ठाणे जिल्ह्यातल्या माळरानावर येऊन पडली होती. उन्हाळ्याच्या दाहाने दिवसभर घरात राहून उतरत्या उन्हात बाजारात निघायचे, ही सिंधमधली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बोटीवर त्यांना फारसे सामान नेता आले नाही. संध्याकाळ मात्र त्यांनी बरोबर आणली, असे मी म्हणेन. कल्याणपुढच्या आम्हा मराठी माणसांना रोजची, तिथीविना असलेली, पोटभर संध्याकाळ त्यांनी शिकवली.

ती शिकवण फुकट नव्हती. पहिली काही वर्षे ते ग्राहक नव्हतेच, विक्रेते होते. लोकलच्या डब्यात गोळ्या, पिना, पापड, कापडाचे तुकडे विकणारी सिंधी पोरे हे त्या काळच्या मुंबईकरांच्या आठवणींतले नेहमीचे चित्र. बराकीत बायका पापड लाटत आणि लोणची घालत, पुरुष आणि मुले ती विकत. संध्याकाळचा बाजार म्हणजे दिवसभर मुंबईत विकून उरलेल्या मालाची, आणि दिवसभरात मिळालेल्या पैशांची जागा. आज जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचर बाजार ही नावे पार नागपूर-सुरतेकडच्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असतात. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तर तुम्ही ऐकला असेलच. मला तो पूर्वी आवडायचा. आता त्यात निर्वासिताच्या उद्यमशीलतेबद्दलचा मत्सरही ऐकू येतो, त्यामुळे हल्ली मी तो सांगत नाही.

खाण्याबद्दल न लिहिणे पाप ठरेल. दाल-पकवान ही मूळची सकाळची न्याहारी, म्हणून ते रात्री मागणारा मराठी माणूस लगेच ओळखू येतो. संध्याकाळी खावे ते आलू टुक: बटाटा एकदा तळायचा, हाताने दाबायचा, पुन्हा तळायचा, वर तिखट आणि आमचूर. कमळाच्या देठाला सिंधी लोक ‘भी’ म्हणतात. त्याची भजी मिळाली तर सोडू नये. शेवटी फालुदा-कुल्फी. आणि घरी कोणी आले तर आधी पापड आणि पाणी. आमच्याकडे चहाला नाही म्हणणे जसे अपमानाचे, तसे त्यांच्याकडे पापडाला. या पदार्थांपैकी कितीतरी पदार्थ आता अंबरनाथ-बदलापूरच्या मराठी गाड्यांवर मिळतात आणि तिथे त्यांना ‘सिंधी’ म्हणायचीही गरज उरलेली नाही.

रात्रीची करमणूकही त्यांची त्यांनी आणली. ‘भगत’ हा सिंधमधला गायन, नृत्य आणि कथा यांचा रात्रभर चालणारा खेळ. आपल्या कीर्तन-तमाशाच्या मधोमध कुठेतरी त्याला बसवता येईल. त्यातले सर्वांत लाडके नाव भगत कंवरराम यांचे. १ नोव्हेंबर १९३९ ला सिंधमधल्या रुक स्टेशनवर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. फाळणीनंतर प्रा. राम पंजवाणी यांनी हाताशी मटका घेऊन गात विखुरलेल्या सिंधी समाजाला पुन्हा झुलेलालभोवती एकत्र आणले. १९५८ मध्ये फाळणीची कथा सांगणारा ‘अबाणा’ हा सिंधी चित्रपट निघाला. त्यात पुढे हिंदी पडद्यावर गाजलेली साधना होती, ती स्वतःही कराचीहून आलेल्या कुटुंबातली. एकपडदा चित्रपटगृहांची चैन उल्हासनगरला भरपूर होती. कॅम्प चारमध्ये व्हीनस चौक आहे, तो शुक्राच्या चांदणीमुळे नव्हे, व्हीनस टॉकीजमुळे. गावाच्या चौकाला देवाचे किंवा पुढाऱ्याचे नाव न मिळता सिनेमागृहाचे मिळावे, यावरून त्या पिढीची संध्याकाळ कुठे जात होती ते कळते.

आणि भाषा? जुन्या दुकानांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत अरबी वळणाची सिंधी, नव्या पिढीच्या वह्यांत देवनागरी. या लिपीवरून समाजात कडाक्याचे वाद झाले. १० एप्रिल १९६७ ला सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. ज्या भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही, तिला एखादे गाव असावे लागते, आणि ते गाव पुष्कळ अंशी आमच्या शेजारचे आहे. बाजारात मात्र मराठी, हिंदी, सिंधी यांचे असे काही मिश्रण चालते की भाव करताना कोण कोणत्या भाषेत हरले ते कळत नाही.

एक कोरडी पण आवश्यक नोंद. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान रात्री साडेआठच्या आत बंद करण्याचे बंधन घातले, आणि त्याच मालाच्या फेरीवाल्यांनाही ती वेळ लागू केली. दुकानातल्या नोकराला घरी जाता यावे, हा त्यामागचा उदात्त हेतू. परंतु मुंबईहून सुटलेला नोकरदार अंबरनाथ-बदलापूरला उतरणार तोच साडेआठच्या सुमारास. म्हणजे एकाची संध्याकाळ वाचवायची तर दुसऱ्याची बुडते. या वेळा पुढे सैलावत गेल्या, आणि २०१७ च्या नव्या कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याचीही मुभा दिली. त्या काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाची संध्याकाळ कोणती, हे कोणी त्याला विचारलेले मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आम्ही हरवली आहे, तीही सांगते. अंबरनाथचे मंदिर वालधुनी नदीच्या काठी आहे. हीच नदी पुढे उल्हासनगरातून जाते. जगातल्या कुठल्याही गावात संध्याकाळची पहिली फेरी नदीकाठी होते. आमच्याकडे नदीजवळून जाताना माणसे नाकाला रुमाल लावतात. कारखान्यांनी दिलेल्या रिकाम्या वेळेची एक किंमत आम्ही या पाण्यात मोजली. १०६० मधल्या कारागिराने देवळासाठी ही जागा निवडली तेव्हा काठावर बसावेसे वाटत असणार, एवढे तरी खात्रीने म्हणता येईल.

आजची बदलापूरची संध्याकाळ साडेआठला प्लॅटफॉर्मवर सुरू होते. जूनमध्ये पुलाच्या पायथ्याशी जांभळे घेऊन बायका बसलेल्या असतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन आहे, पण त्यांच्या टोपलीवर तशी चिठ्ठी नसते. गाडीतून उतरलेली बाई पर्स छातीशी धरून दोन मिनिटे थांबते, एक द्रोण घेते आणि तिथेच उभी राहून खाते. घरी गेल्यावर स्वयंपाक आहेच. ही दोन मिनिटे तिची आहेत. काही लोक पुढे ‘ग्रंथसखा’सारख्या वाचनालयाकडे वळतात. श्याम जोशी यांनी जुन्या दुर्मिळ मराठी पुस्तकांचा तिथे जमवलेला संग्रह पाहिला की कल्याणपुढे इतिहास नाही म्हणणाऱ्यांना एकदा बदलापूर लोकलमध्ये बसवून आणावेसे वाटते.

मागच्या शनिवारी मी आजीला उल्हासनगरला घेऊन गेले. ती तयारच नव्हती. ‘या वयात मी काय बाजारात हिंडू?’ शेवटी माझी आई म्हणाली, ‘जा हो आई, मी आहे घरी,’ तेव्हा तिने चांगले लुगडे काढले. गोल मैदानाजवळ रिक्षातून उतरलो तेव्हा सात वाजून गेले होते. दिवे, गाड्या, पाणीपुरीवाल्यांभोवती गर्दी. ती थोडा वेळ माझा दंड धरून उभी राहिली. मग दंड सोडला. एका दुकानासमोरच्या बाकावर आम्ही बसलो. शेजारी तिच्याच वयाच्या एक सिंधी आजी होत्या. दोघींनी तोडक्यामोडक्या हिंदीत गुडघ्यांविषयी सविस्तर चर्चा केली. त्यांनी विचारले, इकडे नेहमी येता का? आजी म्हणाली, ‘साठ साल से इधरच रहती हूँ. आज पहली बार आयी.’

कुल्फी तिने सावकाश संपवली, काडी पदरात गुंडाळून ठेवली, आणि गल्ल्यावरच्या माणसाकडे वळून विचारले, ‘दादा, तुमचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?’